एकच यंत्र घ्यायचं तर टॅब्लेट की लॅपटॉप?

ओसरी:
घरात एकच यंत्र घ्यायचं असेल तर बहुतेकांनी टॅब्लेट घ्यावा, या मतावर मी ठाम आहे. मेल, बँक, वीजबिल, पीडीएफवर सही, मुलांचे तास, व्हिडिओ कॉल, दोन-चार पानांचा मजकूर हे सगळं ८ जीबी रॅम, १२८ जीबी साठवण आणि एक कीबोर्ड एवढ्यात नीट होतं. त्याच पैशांत येणारा लॅपटॉप बहुधा सेलेरॉन हा साधा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवणीचा. विंडोज ११ ची किमान अटच तेवढी आहे! अपडेट साठत गेले की जागा संपते आणि पुढचा मोठा अपडेट बसतच नाही.

खतावणी:
तुमच्या यादीत दुकानदार कुठे आहे? टॅलीप्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं. कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर जीएसटी विवरणपत्राला डीएससी, म्हणजे यूएसबी टोकनमधली डिजिटल सही लागते. त्या यूएसबी टोकनसाठी ड्रायव्हर आणि एमसाइनर हे सहीचं सॉफ्टवेअर संगणकावर बसवावे लागतात, टॅब्लेटवर ती सोय नाही. प्रोप्रायटरचं, म्हणजे एकट्या मालकाचं काम ईव्हीसीच्या (सहीऐवजी पडताळणीच्या) ओटीपीवर भागतं, एवढाच दिलासा.

एक्सेलचंही बघा. टॅब्लेटवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये बसवलेल्या आपोआप कामाच्या आज्ञा, चालत नाहीत. फाइल उघडते, आकडे दिसतात, पण बिल काढायचं बटण दाबलं की काहीच होत नाही. शिवाय पडदा १०.१ इंचांपेक्षा मोठा असेल तर मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी भरल्याशिवाय ऑफिसच्या ॲपमध्ये फाइल नुसती वाचता येते. हल्ली ११ इंची टॅब्लेटच जास्त खपतात आणि विकणारा हे सांगत नाही.

ओसरी:
डीएससी आणि मॅक्रो मान्य. पण ते पेढीचं काम झालं, घरचं नव्हे. घरखर्चाच्या वहीला गूगल शीट्स पुरतं आणि त्याला पडद्याच्या मापाची अट नाही. घरात जुना लॅपटॉप आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनीही विचार करावा. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नियमित सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत. अशा यंत्रावर बँकेचं काम करू नये.

खिळाअक्षर:
मराठीचा मुद्दा दोघांकडूनही राहिला. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल टॅब्लेटवर उघडली की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. फाइल बिघडलेली नसते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात आणि फॉन्ट नसला की मूळ अक्षरं उघडी पडतात. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवा. दुरुस्त्या करायच्या असतील तर मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. श्रीलिपीतच अक्षरजुळणी करून द्यायची असेल तर लॅपटॉपला पर्याय नाही.

नवा मजकूर लिहायला मात्र टॅब्लेट उत्तम. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहिता येतं. विरामचिन्हं तेवढी मागाहून हाताने घालावी लागतात.

खतावणी:
आणि छपाई? कॅनन एलबीपी २९०० हा जुना प्रिंटर अजून कितीतरी टेबलांवर आहे. त्याला वायफाय नाही आणि पान आखण्याचं काम संगणकातला ड्रायव्हर करतो. टॅब्लेटला नुसती ओटीजी (यूएसबी जोडणारी) केबल लावून ते होत नाही.

ओसरी:
बरोबर आहे. टॅब्लेट घ्यायचा तर प्रिंटर मोप्रिया (अँड्रॉइड) किंवा एअरप्रिंट (आयपॅड) या ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या सोयी असलेला हवा, तो खर्च आधीच धरावा. पोर्टेबल हार्ड डिस्कचीही अशीच अडचण. टॅब्लेटच्या पोर्टमधून पुरेशी वीज मिळाली नाही तर ती टकटक करते आणि दिसतच नाही. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावावा. एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटमधली डिस्क बऱ्याच अँड्रॉइड टॅब्लेटवर उघडत नाही, म्हणून आधी तिच्यातला डेटा दुसरीकडे उतरवून मग ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावी.

खतावणी:
आणि तो डेटा उतरवायला, डिस्क फॉरमॅट करायला तुम्हाला लॅपटॉपच लागणार ना?