कुलाबा किल्ल्यातली 9 सेकंदांची क्लिप: दोस्ताला काय सांगू?

मानेवाडा_रोड

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितो आहे, पण पूर्ण वाचा ही विनंती.

मार्गशीर्ष अमावस्येला आम्ही चार दोस्त अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात रात्रभर राहिलो. नागपूरहून विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं मांडवा, पुढे ऑटो. एकानं ऑनलाइन के-टू मीटर मागवला होता, भुतं शोधायला जाणारे वापरतात तो, पाच लाइटवाला. सोबत एक व्हॉइस रेकॉर्डर, दोन टॉर्च अन् घरचा चिवडा. संध्याकाळी पाचच्या सुमारास समुद्र मागे गेलेला होता, चालतच आत गेलो. बंद व्हायच्या वेळेला बाकी सगळे परतले, आम्ही तटाच्या आडोशाला बसून राहिलो. रात्री राहायची परवानगी नसते हे माहीत होतं. चूक आमची आहे, बोलणी खायला तयार आहे.

आम्ही नागपूरचे अंबाझरी अन् फुटाळा तलाव पाहून मोठे झालेले लोक. समुद्र रात्री किती जवळ येतो याचा अंदाजच नव्हता. अकरानंतर पाण्याचा आवाज चारही बाजूंनी यायला लागला. 12 वाजून 10 मिनिटांनी मीटरचे तीन लाइट लागले, गेले, पुन्हा लागले. छातीवर कोणी हात ठेवल्यासारखं मला वाटलं. दोस्तानं विचारलं, "कोणी आहे का इथं?" तेव्हा कोणालाच काही ऐकू आलं नाही. सकाळी रेकॉर्डिंग लावलं तर त्या प्रश्नानंतर एक आवाज आहे. खोल, ओढलेला. बा... अन् मग बू.

प्रश्न विचारणाऱ्या त्या दोस्ताचे बाबा ऑगस्टमध्ये गेले. ते त्याला बाबू म्हणत. रामटेकला अंबाळा तलावावर दशक्रिया झाली तेव्हा हा रडला नव्हता. क्लिप ऐकून किल्ल्याच्या पायरीवर बसून रडला. आता रोज रात्री इअरफोन लावून तीच 9 सेकंदं ऐकून राहिला आहे. पुढच्या अमावस्येला पुन्हा जायचं म्हणतो, तेही एकट्यानं. तिकीट काढून बसला आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तो आवाज नेमका कशाचा, हे तपासता येतं का? अन् तो त्याच्या बाबांचाच आवाज असेल तर त्यांनी कधीही न पाहिलेल्या किल्ल्यात तो का यावा, हे मी त्याला कोणत्या तोंडानं विचारू?

गांधीबाग_वाइंडिंग

भाऊ, मी 31 वर्षं मोटार वाइंडिंगचं काम करतो. मीटरपुरतं खात्रीनं सांगतो.

के-टू हे वायरिंगभोवतीचं चुंबकीय क्षेत्र दाखवणारं यंत्र आहे, आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या लाइनचं. माझ्या दुकानात पॅनलजवळ नेलं तर पाचही लाइट लागतील. किल्ल्यात लाइन नसेल, पण तुमच्या चौघांच्या खिशात मोबाईल होते नं? दगडी तटाच्या आडोशाला रेंज कमी, मग फोन टॉवरशी संपर्क ठेवण्यासाठी जास्त ताकदीनं सिग्नल फेकतो. तो झटका हे मीटर पकडतं. घरी करून पाहा. मीटर टेबलावर ठेवायचं, फोन त्याला टेकवायचा आणि कॉल लावायचा. मग फोन फ्लाइट मोडवर टाकून तेच करायचं. जाण्याआधी ही तपासणी केली असती तर त्या तीन लाइटना कोणी एवढा अर्थ दिला नसता.

आता रेकॉर्डर. आवाज मंद असला की बहुतेक रेकॉर्डर आपोआप आवाज वाढवतात. माणसानं प्रश्न विचारला, मग सगळे गप्प झाले, की यंत्र दूरची कुजबूजसुद्धा ओढून वर आणतं. म्हणूनच प्रश्नाच्या लगेच नंतर "उत्तर" येतं. तिथं तुमच्या कानाला ते ऐकू आलं नाही, हे अगदी बरोबर आहे.

छातीवरच्या दाबाबद्दल. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला विक टँडी नावाचे इंजिनिअर होते. प्रयोगशाळेत त्यांना अस्वस्थ वाटायचं, डोळ्याच्या कोपऱ्यात करडी आकृती दिसायची. शोध घेतल्यावर सापडला एक्झॉस्ट पंखा, सुमारे 19 हर्ट्झची लहर खोलीत उभी करणारा. 1998 मध्ये त्यांनी ते छापलं. तुमच्या किल्ल्यात तेच झालं असं मी म्हणणार नाही, तिथं कोणी मोजलेलं नाही. पण अंगाला जाणवतं आणि कानाला कळत नाही असा आवाज असतो, एवढं पक्कं.

आणि कूलर आठव. मे महिन्यात रात्री कूलरच्या घरघरीत खालून कोणी हाक मारतंय असं नागपुरात कोणाला वाटलं नाही? मी कितीदा उठून गॅलरीत गेलो आहे. हाक नेहमी आपल्याच नावाची असते.

थळ_किनारा

मी अलिबागच्या बाजूचा, घरी पिढ्यान् पिढ्या मासेमारी. दादा, आधी रागावतो. त्या वाटेवर भरतीत माणसं अडकतात. बाराच्या पाण्यात चौघांपैकी एकाला बरं वाटेनासं झालं असतं तर तुम्ही बाहेर पडणार कसे होतात? पुरातत्त्व खात्याची सूर्योदय ते सूर्यास्त ही वेळ उगाच नाही.

आता आवाज. तुम्ही अमावस्या निवडलीत, कारण भुतांची रात्र. आमच्याकडे अमावस्या म्हणजे उधाण. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा हिशेब लहान पोरालाही पाठ असतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा ते बारा-सव्वाबारा पाणी पुरं चढलेलं, आणि तेही उधाणाचं. मध्यरात्री अमावस्येला या किल्ल्यात "काहीतरी" होतं असं पूर्वीपासून बोलतात ते खोटं नाही. होतंच. समुद्र तटाला लागतो.

आणि तो तट कसा बांधलाय पाहिलात का? शिवाजी महाराजांनी 1680 मध्ये काम सुरू करवलं. मोठाले चिरे एकावर एक नुसते रचलेत, सांध्यात चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींत शिरतं, तिचा जोर तिथंच मरतो. म्हणून तट टिकला. पण पाणी शिरतं तेव्हा आतली हवा बाहेर ढकलली जाते, आणि लाट मागे फिरताना परत ओढली जाते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यासारखा आवाज येतो. एक जाताना, एक येताना. तुमची बा आणि बू मला तिथंच दिसतात. क्लिप न ऐकता शपथेवर सांगत नाही, पण तोच रेकॉर्डर भरतीला किनाऱ्यावरून तटाच्या दिशेनं लावून पाहा.

आणखी एक मनातलं. या किल्ल्यातून कान्होजी आंग्र्यांनी आरमार चालवलं, 1721 ला इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून चालून आले तेही परतवलं. आत खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर आहे, सिद्धिविनायक आहे. तिथं मेलेल्या माणसांना अंधारात मीटर दाखवून "आहे का कोणी" विचारणं मला आवडत नाही. त्यांच्या दारात जायचं तर उजेडात जावं.

प्रतापनगरची_मावशी

मीटरमधलं मला कळत नाही. माझे मिस्टर जाऊन चार वर्षं झाली. पहिल्या वर्षी कुकरच्या शिट्टीतसुद्धा मला त्यांचा आवाज यायचा. मुलगा म्हणायचा, आई, भास आहे. खरंच होतं ते, पण ऐकताना आणखी एकटं वाटायचं.

बाळा, त्या मुलाची क्लिप पुसायला लावू नकोस. "तुझे बाबा नाहीत" हे वाक्य तुझ्या तोंडून नको. तपासणी करायची तर त्याला सोबत घेऊन कर, त्यालाच कागद-पेन दे. आणि त्याच्या आईच्या फोनमध्ये बघा. व्हॉट्सॲपवर माणसं काहीबाही बोलून पाठवतात, ते कोणी पुसत नाही. खरा आवाज घरात असेल तर तो पोरगा किल्ल्यात कशाला शोधेल?

मानेवाडा_रोड

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. दहा दिवसांनी लिहितो आहे.

मीटर टेबलावर ठेवून दोस्ताच्याच फोननं कॉल लावला. तिसऱ्या लाइटपर्यंत गेलं. फ्लाइट मोडवर काहीच नाही. तो काही बोलला नाही, पण मीटर त्यानंच डब्यात भरून ठेवलं.

मग क्लिप सहा जणांना ऐकवली, काहीही न सांगता, कागदावर लिहायला लावलं. ही कल्पना त्याचीच. एकीनं लिहिलं कबुतर. दोघांनी वारा. कॉलेजातल्या एकानं "पाणी". एकाला काहीच ऐकू आलं नाही. माझ्या आजीनं लिहिलं, गाय हंबरते आहे. बाबू कोणीच लिहिलं नाही. त्यानं सहाही कागद घडी करून पाकिटात ठेवले.

मावशी, काकूंच्या फोनमध्ये सापडलं. मे महिन्यातलं आहे, 11 सेकंदांचं. "बाबू, येताना अर्धा लिटर दही आणजो, अन् आंबट नको." मागे कूलर चालू आहे. आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभ्यानं ऐकलं, तीनदा.

किल्ल्याची क्लिप त्यानं ठेवली आहे. ती खोटी आहे असं तो म्हणत नाही, मीही म्हणत नाही. अमावस्येचं तिकीट मात्र रद्द केलं. दिवसा जायचं ठरलं आहे, मी सोबत. थळचे दादा, हिशेब केला: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती अन् बाराला ओहोटी. बरोबर नं?

थळ_किनारा

हिशेब बरोबर, दिवस चुकला. अष्टमीला भांग असते, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही मंद; पाणी पुरतं मागे जात नाही, वाट उघडत नाही. त्रयोदशीला या. पावणेदहाला भरती, पावणेचारला ओहोटी. तीनला आत जाऊ, पावणेपाचच्या आत बाहेर. रेकॉर्डर आणा, आदल्या रात्री भरतीला तो किनाऱ्यावरून लावू. मी काठावर असेन.