मदत हवी आहे: फारटाउनच्या जुन्या खेळाडूंचे गुण जुळत नाहीत

रकाना13: फारटाउनच्या खेळाडूंचा एक्सेल तक्ता करतोय. सूत्र वरपासून खालपर्यंत एकच ओढलंय, तरी छापील आकडे येत नाहीत. रोझेनफेल्डचे 80 ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवणं), माझ्याकडे 320 गुण. मेजर हॉलंडसाहेबांचे 40 येतात, छापलेत 39. तक्ता उद्याच द्यायचाय, लवकर सांगा.

उंबरठा: फारटाउन म्हणजे कुठला क्लब? मोसम कुठला? सूत्र काय लावलंय? काहीच न सांगता चूक कशी शोधायची?

निळेपट्टे: हडर्सफील्ड ना? 1924 ते 1926 सलग तीन लीग किताब, त्यातले पहिले दोन हर्बर्ट चॅपमनच्या हाताखाली!

उंबरठा: ते फुटबॉलवाले, हडर्सफील्ड टाउन. इथे रग्बी लीग चाललंय.

रकाना13: हो, हडर्सफील्डच. फारटाउन त्यांचं जुनं मैदान, वाटलं कळेल. मोसम 1913-14. ट्राय गुणिले 4, गोल (लाथेने चेंडू खांबांमधून मारणं) गुणिले 2.

स्क्रमहाफ: तिथेच गोची आहे. इंग्लंडमध्ये ट्रायला 4 गुण 1983-84 पासून, त्याआधी 3. म्हणजे रोझेनफेल्ड 240. हॉलंडचा तो सामना 28 फेब्रुवारी 1914 चा, स्विंटन पार्कविरुद्ध 119-2. 18 गोलांचे 36, एका ट्रायचे 3, झाले 39. आणि 'साहेब' काढून टाका, मेजर हा हुद्दा नाही, पाळण्यातलं नाव आहे.

रकाना13: अरेच्चा, हुद्द्याचा वेगळा रकाना केला होता! मग 119 मध्ये बाकीचे 27 ट्राय?

स्क्रमहाफ: 119 वजा 36 म्हणजे 83, त्याला 3 ने भाग जात नाही. म्हणजे हॉलंडशिवाय आणखी कुणीतरी गोल मारलाय. एकूण 27 ट्राय धरले तर 81, उरले 38, म्हणजे 19 गोल. पण 25 ट्राय आणि 22 गोल धरले तरी 119 च होतात. तेव्हा बेरजेवरून ट्राय ठरवू नका, सामन्याचा तपशील बघून भरा.

विगनकर: 80 ट्रायचं एवढं काय? समोर स्विंटन पार्कसारखे संघ होते. बिली बॉस्टनने एकट्या विगनसाठी 478 केले.

उंबरठा: ते अख्ख्या कारकिर्दीचे, हे एका मोसमाचे. एका मोसमात 80 ची बरोबरी अजून कुणी केलेली नाही. आणि कारकिर्दीचंच म्हणाल, तर हडर्सफील्डसाठी सर्वाधिक ट्राय लायोनेल कूपरचे आहेत, 420. रोझेनफेल्ड 366. दोघेही ऑस्ट्रेलियन.

विगनकर: बॉस्टन तरीही बॉस्टन.

स्क्रमहाफ: भांडण नंतर. रकाना13, तुम्ही मोसमाऐवजी साल घेतलंय का?

रकाना13: हो, तारखेतून काढलं. चुकलं का?

स्क्रमहाफ: तेव्हा मोसम हिवाळी, शरदात सुरू होऊन पुढच्या वर्षी संपायचा. 28 फेब्रुवारी 1914 हा 1913-14 मध्ये. नुसतं '1914' घेतलंत तर हॉलंडचे 39 गुण पुढच्या, म्हणजे चारही चषक जिंकलेल्या 1914-15 च्या खात्यात पडतील. महिना 8 पेक्षा मोठा असेल तर तेच साल, नाहीतर एक वजा. एखादा सामना ऑगस्टमध्ये असेल तर हाताने बघा. हे 1996 पूर्वीपुरतं, तिथून उन्हाळी मोसम लागतो.

उंबरठा: ड्रॉप गोल, म्हणजे चालू खेळात चेंडू हातातून टाकून उसळताच मारलेला गोल, विसरू नका. 1974 पासून त्याला 1 गुण, त्याआधी 2. गोलांचा एकच रकाना असेल तर तिथून पुढची बेरीज बिघडणार.

निळेपट्टे: आणि संघात 15 खेळाडू असतात.

उंबरठा: ते रग्बी युनियनमध्ये, तो रग्बीचा दुसरा प्रकार. लीगमध्ये 1906 पासून 13.

रकाना13: सूत्र बदललं. 240 आणि 39 आले! आता 1984 ते 88 मध्ये 'बाराकुडाज' नावाचा वेगळाच क्लब दिसतोय, तो काढू का?

स्क्रमहाफ: काढू नका! तोच क्लब, तेवढी वर्षं ते नाव होतं. 2000 मध्ये 'हडर्सफील्ड-शेफील्ड जायंट्स' दिसेल, तोही हाच. क्लबचा एक क्रमांक ठरवा, नाव निराळ्या रकान्यात ठेवा.