पार्ट्रिज अँड ऑरेंज आणि ग्रीन बट स्कंक : डोकं जाड होतंय, पंख निसटतोय

घोडबंदरचा_गळ

दोन फ्लाय (हुकावर धागा-पिसं बांधून केलेली मासे पकडायची नकली आमिषं) बांधायला घेतल्यात आणि दोन्हीकडे अडलोय.

पहिली पार्ट्रिज अँड ऑरेंज (नारिंगी धाग्याचं शरीर, पुढे तितराचं ठिपकेदार पीस), १४ नंबर हुक, दोन डझन. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउटसाठी. दुसरी ग्रीन बट स्कंक, ४ आणि ६ नंबर, प्रत्येकी सहा. ब्रिटिश कोलंबियात असलेल्या भावाला स्टीलहेडसाठी (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) पाठवायच्यात.

सामान इकडचंच आहे. जांभळी नाक्यावरून घेतलेला भरतकामाचा पॉलिएस्टर धागा (रिळावर १२०/२ लिहिलंय), गावठी कोंबडीची ठिपकेदार तपकिरी पिसं, बोकडाच्या शेपटीचे पांढरे केस, शनील दोरा आणि चंदेरी जरी.

अडचणी अशा:
१. पार्ट्रिजचं डोकं इतकं जाड होतं की हुकाचा डोळाच (दोरी ओवायचं भोक) बुजतो.
२. स्कंकच्या शेपटीपाशी गाठीसारखा उंचवटा येतो.
३. पांढरा पंख दहाबारा वेळा ओढला की केस सुटून येतात.
४. जरीची टोकं उसवतात आणि महिन्याभरात ती काळी पडते.
५. पावसाळ्यात हुक गंजले आणि पिसांना कसर लागली.

शेवटचा गोंद म्हणून फेवीक्विक वापरतोय.

खाडीकाठ_ऐरोली

पहिल्या अडचणीचं उत्तर तुमच्या रिळावरच छापलंय. १२०/२ म्हणजे १२० डेनियरचे (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) दोन पदर, एकूण २४०. १४ नंबरच्या हुकाला ७० डेनियरच्या आसपासचा धागा लागतो. तुम्ही तिपटीहून जाड धागा वापरताय, त्यात तो पीळदार. पीळदार दुपदरी धागा कितीही उलटा फिरवला तरी पूर्ण सपाट बसत नाही, वेढ्यावर वेढा चढतोच. भरतकामाच्याच दुकानात ७५/२ मिळतो, एकूण १५०. तो स्कंकला चालेल. पार्ट्रिजला मात्र खरं रेशीम किंवा बिनपिळाचा बारीक नायलॉन घ्या.

दुसरं कारण जागेचं. बहुतेक जण डोळ्याला चिकटून धागा सुरू करतात आणि मग डोक्याला जागाच उरत नाही. डोळ्याच्या लांबीच्या दीडपट दांडी उघडी सोडा आणि तिथून सुरुवात करा. वेढ्याला वेढा लावत मागे जा. हुकाच्या टोकाच्या बरोबर वर पोचलात की थांबा. या जुन्या नॉर्थ कंट्री फ्लायचं शरीर वाकावर उतरत नाही. तिथून तसेच सपाट वेढे घेत पुढे या. झालं शरीर. दोन थर, तिसरा नको.

आता पीस. देठाजवळचा फुसफुशीत भाग ओरबाडून टाका. टोकाचे चारपाच तंतू तसेच ठेवून बाकीचे मागे सारा आणि पीस टोकाकडून बांधा, चमकदार बाजू डोळ्याकडे. तंतूंची लांबी हुकाच्या वाकापर्यंत किंवा जेमतेम त्याच्या पुढे. दीड वेढा घ्या, फार तर दोन. कंजूषपणा वाटेल, पण या फ्लायची सगळी करामत त्यातच आहे. तंतू विरळ असले की प्रवाहात उघडझाप करतात आणि किडा जिवंत वाटतो. तीन-चार वेढे घेतले की त्याचा झाडू होतो.

डोक्याला पाच-सहा वेढे आणि चार वेढ्यांचा व्हिप फिनिश (धाग्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायची गाठ), बस. अर्ध्या गाठी एकावर एक मारत असाल तर त्या बंद करा, प्रत्येक गाठ उंची वाढवते.

आणि फेवीक्विक आधी बाजूला ठेवा. ते पातळ असल्यामुळे तंतूंच्या मुळाशी चढतं आणि वाळलं की हॅकल (गुंडाळलेल्या पिसाची झालर) काडीसारखं ताठ होतं. शिवाय आपल्याकडच्या दमट हवेत भोवती पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसतो. रंगहीन नेलपॉलिश थोडं पातळ करून सुईच्या टोकाने लावा. पहिला हात मुरू द्या, अर्ध्या तासाने दुसरा. ओलं असतानाच पिसाचा एक देठ डोळ्यातून आरपार ओढून काढा, म्हणजे भोक मोकळं राहील.

सुईदोरा_नेरूळ

धाग्याबद्दल थोडं माझ्याकडून. दुकानात ‘रेशीम’ म्हणून जे चकचकीत रीळ देतात ते बऱ्याचदा रेयॉन असतं. रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते, म्हणजे पाण्यात जायच्या वस्तूला ते बाद. ओळखायचं तर एक तुकडा जाळून बघा. रेयॉन कागदासारखं भुरकन जळतं. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि मागे चुरडली जाणारी काळी गोळी राहते. पैठणीच्या विणकरांकडे असतं तसं तुतीचं रेशीम मिळालं तर एक पदर सोडवून घ्या.

नारिंगी रेशमाला मेण लावूनच बांधा. मधमाशीच्या मेणात थोडी राळ वितळवून केलेली वडी चांगली चिकट होते. धाग्याचा फूटभर तुकडा तिच्यावरून दोनदा ओढायचा. मेण लावलेलं रेशीम पाण्यात भडक नारिंगी राहत नाही, तपकिरीकडे झुकतं. ते बिघडलं असं समजू नका, या फ्लायला तोच रंग हवा असतो. पॉलिएस्टर ओलं झालं तरी तसंच भडक राहतं.

जरी काळी पडते कारण ती तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा दिलेली आहे. प्लास्टिकच्या पत्र्याची मेटॅलिक जरी मागा, ती काळी पडत नाही. उसवण्यावर उपाय सोपा आहे. कापायच्या जागी आधी नेलपॉलिशचा थेंब द्या, वाळल्यावर कापा. मग टोकाची तीन मिलिमीटर पत्री नखाने सोलून आतला दोराच फक्त बांधा. उंचवटाही येत नाही.

येऊरचा_वारा

स्कंककडे येतो. त्याआधी एक महत्त्वाचं: ब्रिटिश कोलंबियाच्या नद्यांवर एकेरी आणि बिनकाट्याचा हुकच चालतो, आणि जंगली स्टीलहेड पकडला तरी सोडावाच लागतो. म्हणून काटा (हुकाच्या टोकामागचा उलटा दात) फ्लाय बांधायच्या आधी पकडीने दाबून टाका. दाबताना कधीकधी टोकच मोडतं. मोकळा हुक गेला तर पाच-दहा रुपये जातात, बांधलेली फ्लाय गेली तर अर्धा तास.

शेपटीपाशी येणारा उंचवटा शनीलमुळे. त्याच्या टोकाचे पाच मिलिमीटर लव नखाने ओरबाडून काढा, आतला बारीक दोरा उघडा पडतो. बांधायचा तो. लवेसकट बांधलं की गाठ येणारच.

क्रम असा. शेपटीला लाल हॅकलचे आठ-दहा तंतू, लांबी हुकाच्या दांडी आणि टोकामधल्या अंतराएवढी. त्याला लागून भडक हिरव्या शनीलचे दोनच वेढे, हाच तो ‘ग्रीन बट’. मग जरी बांधून मागे लोंबती ठेवा. काळं शनील बांधून पुढे न्या आणि डोक्याला दोन-तीन मिलिमीटर सोडून थांबा. आता जरीचे चार-पाच वेढे समान अंतराने पुढे. त्यानंतर मऊ काळ्या हॅकलचे दोन-तीन वेढे, तंतू खाली आणि मागे वळवून.

पंख निसटतो त्याची तीन कारणं असतात, तुमच्याकडे बहुधा तिन्ही आहेत. बोकडाच्या केसांच्या मुळाशी बारीक लोकर असते, ती कंगव्याने पूर्ण काढली नाही तर धागा लोकरीला आवळतो, केसांना नाही. केस गुळगुळीत असतात, म्हणून डिश सोपच्या पाण्यात धुवून वाळवा. आणि जुडी जाड घेतली की मधले केस धाग्याला लागतच नाहीत. ४ नंबरला काडेपेटीच्या काडीएवढी जुडी पुरते, ६ नंबरला त्याहून कमी. लांबी शेपटीच्या टोकापर्यंत. मुळं सरळ कापू नका, तिरकी कापा, म्हणजे डोकं उतरतं होतं. दोन सैल वेढे घेऊन मग ताण द्या, केस हुकाभोवती फिरत नाहीत. पुढच्या चार वेढ्यांनंतर मुळांवर गोंदाचा एक थेंब. (खाडीकाठ रागावतील, पण इथे, हॅकलपासून लांब, मी फेवीक्विकच वापरतो.)

जाड पंखाचा आणखी एक तोटा: फ्लाय पाण्यात कुशीवर पडते. बादलीत दोरीला बांधून ओढून बघा. सरळ राहिली तर ठीक, नाहीतर पंखातले केस कमी करा.

पंखाला हरणाचे केस चांगले असं कोणी सांगेल. चितळ-सांबराचे केस घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याखाली ते बेकायदा ठरतं. राखी रानकोंबड्याची ती प्रसिद्ध ठिपकेदार मानेची पिसंही आपल्याकडे ठेवायची नाहीत. जुन्या फ्लायच्या कृतींमध्ये ती सर्रास दिसतात, म्हणून सांगतोय. त्याऐवजी पांढऱ्या पिसावर नेलपॉलिशचा ठिपका दिला तरी काम भागतं.

घोडबंदरचा_गळ

खूपच उपयोगी. दोन प्रश्न. तीर्थनसाठी काही पार्ट्रिजमध्ये मोरपिसाचे तंतू गळ्याशी (हॅकलच्या लगेच मागे) घालायचे होते, ते बांधताना तुटतात. आणि भावाच्या पार्सलमध्ये तशाच चार टाकल्या तर?

येऊरचा_वारा

पार्सलमध्ये अजिबात नको. आपोआप गळलेली मोरपिसं देशात विकत घेता येतात, पण मोरपिसं आणि त्यांच्या वस्तू बाहेर पाठवायला बंदी आहे. स्कंकमध्ये मोरपीस नाहीच, तेव्हा तिचा प्रश्न येत नाही. कॅनडात पिसा-केसांच्या वस्तूंसाठी काय नियम आहेत ते भावाने तिथून आधी बघावं.

खाडीकाठ_ऐरोली

मोरपिसाचे तंतू टोकाला ठिसूळ असतात. टोकाचा एक सेंटिमीटर कापून टाका. गळ्याला दोनच तंतू, टोकाकडून बांधा आणि बांधायच्या धाग्याबरोबर हलका पीळ देऊन दोन वेढे घ्या. तंतूचा कणा तुटला तरी धागा त्याला धरून ठेवतो. पूर्ण शरीर मोरपिसाचं असेल तर वरून उलट्या दिशेने तांब्याची तार फिरवा. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ३८ नंबरची एनॅमल तार घ्या, ती ०.१५ मिलिमीटर असते, १२-१४ नंबरला योग्य.

तीच तार घेऊन थोड्या फेझंट टेलही (फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाची फ्लाय) बांधा. इंग्लंडच्या एव्हन नदीवर फ्रँक सॉयरने ही फ्लाय धागा न वापरता नुसत्या तारेवर बांधली. तीर्थनसारख्या वेगाच्या पाण्यात तिचं वजन कामाला येतं. आपल्याकडे तीतर-फेझंटची पिसं गोळा करायची नाहीत, टर्कीच्या शेपटीची तपकिरी पिसं चालतील. तिथला परवाना तिथल्या मत्स्य विभागाकडून घ्या. हिमाचलात ट्राउटसाठी १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, तुमची तारीख त्याआधीची आहे.

सुईदोरा_नेरूळ

कसरीवर कोणी बोललं नाही. पिसं सौम्य शॅम्पूने धुवा, पंख्याखाली दोन दिवस वाळवा, झिपच्या पिशवीत हवा काढून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा. मग दोन-तीन दिवस बाहेर आणि पुन्हा आठवडाभर आत. पहिल्या खेपेला अळ्या मरतात, उरलेली अंडी फुटली की त्या दुसऱ्या खेपेला. डांबरगोळ्या टाकल्या तर कडक पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात टाकू नका, त्याने ते प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. हुकांच्या डबीत सिलिका जेलची पुडी, आणि ती ओली झाली की तव्यावर मंद आचेवर कोरडी करून परत ठेवा. ओली फ्लाय थेट डबीत ठेवली तर शेजारच्या दहा गंजतात.

घोडबंदरचा_गळ

तीन स्कंक काट्यासकट बांधून झाल्यात. आता काटा दाबला तर?

येऊरचा_वारा

चालेल, पण पकड आडवी लावू नका. पकडीचे दात हुकाच्या टोकाच्या रेषेत ठेवा आणि एकदम न दाबता दोन-तीन वेळा थोडं थोडं दाबा. नंतर सुती चिंधीतून टोक आरपार घालून मागे ओढा. दोरा अडकला तर काटा अजून बाकी आहे.