विनोदी लेखकाने सोलापूर कधी सोडावं?

पार्क_चौक (धागाकर्ता):
ओळखीतल्या एका मुलाने बी.कॉम. होताच घरी जाहीर केलंय, मुंबईला जाऊन टीव्हीसाठी विनोदी स्किट लिहिणार. घरात रोज वाद. माझं मत, इतक्यात जाऊ नये. विनोदी लेखक वसंत सबनीस सोलापुरात जन्मले, १९२३ साली. सरकारी प्रसिद्धी खात्यातली नोकरी सांभाळून लिहीत राहिले. त्यांचं लोकनाट्य 'विच्छा माझी पुरी करा' १९६५चं, म्हणजे तेव्हा चाळिशी उलटलेली. त्यांनी लिहिलेले सिनेमे, 'सोंगाड्या' १९७१चा आणि 'अशी ही बनवाबनवी' थेट १९८८चा! पु. ल. आणि व्यंकटेश माडगूळकर दोघेही आकाशवाणीत नोकरीला होते. महिन्याचा पगार येत होता म्हणून कशावर हसवायचं हे त्यांना स्वतः ठरवता आलं. या मुलाच्या बाबतीत ते खोलीचं भाडं ठरवेल.

होटगी_रोड:
साफ असहमत. सबनीसही सोलापुरात बसून राहिले नव्हते. आणि आकाशवाणीतल्या तशा नोकऱ्या आज कुठे आहेत? टीव्हीचं स्किट घरी लिहून पाठवलं की संपलं, असं नसतं. वाचन होतं, दिग्दर्शक अर्धं काढून टाकतो, तालमीत नटाला नवीन काही सुचतं, रात्री शेवट बदलतो. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मध्ये समीर चौघुले, प्रसाद खांडेकर कामही करतात आणि लिहितातही. लेखक तालमीच्या खोलीतच हवा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने ये-जा करून हे जमणार नाही. एकविसाव्या वर्षी नाही गेला तर लग्न, हप्ते, मग कधीच नाही.

श्रुतिका_आवडते:
रेडिओचा उल्लेख निघालाच आहे म्हणून. मी रेडिओसाठी श्रुतिका लिहिल्या आहेत. मानधन किरकोळ, पण शिकायला त्याच्यासारखी जागा नाही. चेहरा दिसत नाही, त्यामुळे तोंड वाकडं करून हशा मिळत नाही. कोण आलं, कोण गेलं, कोण गप्प बसलं, सगळं संवादातून कळायला हवं. चार पात्रं असतील तर नाव न घेता ती बोलण्यावरून ओळखू आली पाहिजेत. मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधले टेकाडे भावजी लोकांना घरातले वाटायचे ते याच कारणाने. टीव्हीवर लेखकाच्या दुबळ्या ओळीला नटाचा चेहरा सावरून घेतो. रेडिओवर सावरणारं कुणी नाही.

पूर्व_भाग:
तुम्ही सगळे नोकरी नि भाड्यावरच बोललालाव. तो लिहिणार कशावर, ते कुणी बोलंना. आमच्या गल्लीत सासरा तेलुगूत भांडतो, सून मराठीत उत्तर देते, दुकानदार दोघांची समजूत कन्नडमध्ये काढतो. विड्या वळणाऱ्या बायका एका दुपारी जेवढं हसवतात तेवढं टीव्ही आठवडाभर हसवत न्हाई. आणि टीव्हीवर आमच्याकडचा माणूस दिसतो कसा? गावंढळ, नुसत्या बोलण्याच्या ढंगावर हसायला. माणूस काय म्हणतोय त्यावर कोण हसतंय? २०१६ला 'सैराट' आला तवा करमाळ्याकडची बोली अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकली, कारण लिहिणारा त्याच मातीतला होता. पोरगं लवकर गेलं तर दुसऱ्यांची चाळ नि दुसऱ्यांचे फ्लॅट लिहीत बसंल. लई वाईट वाटतं बघा.

पार्क_चौक:
पूर्व_भाग, मनातलं बोललात. होटगी_रोड, तालमीचं तुमचं म्हणणं मान्य, पण ती तालीम इथेही होते. दोन-तीन एकांकिका बसवाव्या, हुतात्मा स्मृती मंदिरात तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर कराव्या. कुठल्या ओळीला हशा यायला हवा होता आणि आला नाही, ते तिथे कळतं. 'विच्छा'त दादा कोंडके ताज्या घडामोडींवर ऐन प्रयोगात भर घालायचे. ती भर पेलणारी संहिता सबनीसांची होती. मला त्या मुलाकडून तेवढी पक्की बांधणी आधी बघायची आहे.

होटगी_रोड:
एकांकिकेला दोन वर्षं द्या, दहा नकोत. आणि जाताना एक लक्षात ठेवायला सांगा. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर, सिनेमागृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाकडून लिहून घेता येत नाही. नवी पोरं करार न वाचता सही करतात. संहितेची नोंदणी आधी, वाचन नंतर.

श्रुतिका_आवडते:
इतकी चर्चा झाली, त्याचं लिखाण कुणी वाचलंय का? पार्क_चौक, त्याला विचारून एखादं स्किट इथे टाका. मी मोठ्याने वाचून बघते आणि कुठे अडखळले ते लिहून कळवते.