टॅरो शिकायचं आहे, पहिला कॅट कोणता घेऊ?

कपाशीची_बोंडं
राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहते, घरी शिवणकाम करते. मोबाइलवर टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांचे, व्हिडिओ बघता बघता गोडी लागली. ‘तो परत येणार का’ छापाचं मला काही नको, ती चित्रं वाचायला शिकायचं आहे.

तर पहिला कॅट कोणता घ्यावा? ऑनलाइन शेकड्याने प्रकार दिसतात, मांजरांचा आहे, देव्यांचा आहे. क्लासची फी ऐकली आणि फोन ठेवून दिला. इंग्रजी वाचता येतं, पण सावकाश. शिवाय पहिला कॅट स्वतः विकत घ्यायचा नसतो, कुणीतरी भेट द्यावा लागतो म्हणतात, ते खरं का? आमच्याकडे कोण देणार! सासूबाईंचा वेगळाच मुद्दा: पत्ते म्हणजे पोळ्याचा जुगार, घरात नको.

गाडी_लेट_आहे
रायडर-वेट. डोळे झाकून.

सातपुड्याचा_पायथा
वर बरोबर सांगितलंय, पण डोळे उघडे ठेवूनच घ्या. कारण सांगतो.

टॅरोत 78 पानं. त्यातली 22 मोठी, त्यांना मेजर अर्काना म्हणतात: मूर्ख, जादूगार, सम्राज्ञी, मृत्यू, सूर्य वगैरे. उरलेली 56 चार रंगांत, काठ्या, पेले, तलवारी आणि सिक्के. जुन्या मार्सेय पद्धतीच्या कॅटात एक्का ते दश्शी ही पानं म्हणजे नुसती मोजून काढलेली चिन्हं. पेल्यांची छक्की म्हणजे सहा पेले, संपलं. नवख्याने त्यात काय वाचायचं? 1909 साली लंडनच्या रायडर कंपनीने ए. ई. वेट यांचा कॅट काढला. चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईची, आणि तिने या साध्या पानांवरही माणसं, घरं, आभाळ, प्रसंग घातले. म्हणून हा कॅट पाठांतराशिवाय वाचायला घेता येतो. नावात मात्र प्रकाशक आला, वेट आले, बाई राहिली. आता बरेच जण रायडर-वेट-स्मिथ म्हणतात, मीही तेच म्हणतो.

एक वही करा. रोज एक पान काढायचं आणि पुस्तक न उघडता लिहायचं: कोण आहे, उभं की बसलेलं, बघतंय कुठे, हातात काय, आभाळ कसं. अर्थ मग बघायचा. सिक्क्यांची सत्ती घ्या. झाडोऱ्याला सिक्के लगडलेत आणि एक गडी अवजाराच्या दांड्यावर रेलून त्यांच्याकडे बघतोय. पुस्तकात ‘धीर धरणे, आढावा घेणे’ असं काहीतरी सापडेल. आपल्याकडच्या माणसाला पुस्तक कशाला लागतं? कपाशी फुटलीय, वेचणी व्हायचीय, भाव काय निघेल ठाऊक नाही आणि धुऱ्यावर उभा राहून माणूस मनातल्या मनात हिशेब करतोय. तो खूश आहे की थकलाय, हे स्मिथबाईंनी उघड दाखवलेलं नाही. वाचन तिथे सुरू होतं. सिक्क्यांच्या पंजीत बर्फ पडतोय आणि दोन फाटकी माणसं, एक कुबड्यांवर, उजळलेल्या खिडकीखालून चाललीत. बर्फ आपण पाहिला नसेल, पण बँकेच्या दारातून परत फिरणं माहीत आहे.

उलटं आलेलं पान सुरुवातीला सरळ करून घ्या. केल्टिक क्रॉस नावाची दहा पानांची मांडणी इतक्यात नको, तीन पानं पुष्कळ झाली.

भेट मिळालेलाच कॅट चालतो याला काही आधार नाही. रेशमी कापडात गुंडाळा, पाळीत शिवू नका, असंही कुणीतरी सांगेल. कापड धुळीसाठी ठीक आहे, दुसरं सोडून द्या.

सासूबाईंना आहे ते सांगा. हा मुळात खेळच आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत नेहमीच्या पत्त्यांत हुकमाची जास्तीची पानं घालून खेळायचे. फ्रान्समध्ये टॅरोचा डाव अजून रंगतो. भविष्य सांगण्याचं पेव अठराव्या शतकातलं. 1781 मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान असल्याचं ठोकून दिलं, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताही येत नव्हती. आता ‘मुळात खेळच आहे’ हे ऐकून सासूबाई निवळतील की आणखी भडकतील, ते तुम्ही बघा.

ठेचा_भाकर
ताई, पहिल्याच दिवशी कायले पैसे घालता? घरातला साधा कॅट घ्या. पेले म्हंजे बदाम, तलवारी म्हंजे इस्पिक, सिक्के म्हंजे चौकट, काठ्या म्हंजे किलवर. टॅरोत गुलाम, राणी, राजाच्या संग एक घोडेस्वार जास्त रायते, म्हणून 52 चे 56 होते. आकडे अन् रंग यानं पक्के होतीन. चित्र नाई भेटत, थे खरं हाये. पन एक्का म्हंजे सुरुवात, पंजी आली का भांडन नाईतं नुसकान, दश्शी म्हंजे काठोकाठ, एवढं तं साध्या पत्त्यावरबी बसते. चारी पंज्या एका लाइनीत मांडून पायजा, कयते.

विवेकी_वऱ्हाड
छंद म्हणून शिका, काही हरकत नाही. पण गावात एकदा ‘ती पानं बघते’ असं झालं की लोक आजारी लेकरू घेऊन दारात येतील. 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आत्ताच वाचून ठेवा. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं त्यात गुन्हा आहे. तुम्ही तसं करणार नाही, पण करणाऱ्यांतल्या काहींची सुरुवातही छंदानेच झालेली असते. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातून लिहितोय, म्हणून जरा जास्त बोललो.

गाडी_लेट_आहे
आला उपदेश.

घाटाखालचा
भांडू नका. मी जळगाव जामोदकडचा. आमच्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, म्हणजे पाऊसपाण्याचा अंदाज घ्यायला धान्य, ढेकळं मांडून ठेवतात, दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. ते किती खरं ठरतं यावर दरवर्षी वाद होतो, आणि पेरणीसाठी मी हवामान खात्याचंच बघतो. पण नुसती मांडणी म्हणून बघा. मधली चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, हे आधी ठरलेलं. सकाळी बघून मग कुठल्या ढेकळाला कुठला महिना म्हणायचं, असं चालत नाही. तीन पानं मांडताना हेच पाळा. कुठली जागा कशाची, ते पान उचलण्याआधी वहीत लिहा. ‘आत्ता काय चाललंय, अडतंय कुठे, माझ्या हातात काय आहे’ हे तीन कप्पे मला भूत-वर्तमान-भविष्यापेक्षा बरे वाटतात. आधी नाही लिहिलं, तर तलवारींची दश्शी आली रे आली की माणूस ती गुपचूप भूतकाळात सरकवतो. पाठीत दहा तलवारी खुपसलेलं पान उद्यासाठी कुणाला हवं असतं?

कपाशीची_बोंडं
सगळ्यांचे आभार. ठेचाभाऊ, साध्या पत्त्यांवर सुरू केलं. सासूबाई आधी कुरकुरल्या, मग बदामाची राणी बघून स्वतःच विचारलं, ‘ही कोण म्हणायची?’ पण विवेकीदादा म्हणाले ते लगेच समोर आलं. शेजारच्या काकू म्हणतात, बोअर कुठे मारू ते पानात बघ. त्यांना काय सांगू?

सातपुड्याचा_पायथा
‘काकू, पानाले पाणी दिसत नाही.’ एवढंच. जागेसाठी भूजल सर्वेक्षण यंत्रणेचं जिल्ह्याला ऑफिस आहे, तिथे विचारायला सांगा. काकूंना बोलायचंच असेल तर प्रश्न फिरवून घ्या: बोअरसाठी कर्ज काढायचं मनात आहे, त्यात मला भीती नेमकी कशाची वाटते? यावर तीन पानं मांडता येतात, आणि उत्तर काकूंच्याच तोंडून येतं. तुम्ही फक्त चित्र दाखवून ‘हा माणूस काय करतोय वाटतं?’ असं विचारायचं.

आजार, पोटातलं मूल, कोर्टाची तारीख, हे प्रश्न घ्यायचेच नाहीत. सगळ्यांत वाईट प्रश्न चोरीचा. तलवारींच्या सत्तीत टोपी घातलेला एक जण तंबूंपासून तलवारी घेऊन पाय न वाजवता सटकतोय. हे पान आलं, कुणीतरी ‘टोपीवाला’ म्हणालं, की गावात एका घराचं नाव झालंच. मग ते पुसायला तुमचा टॅरो येत नाही.

13 नंबरचं मृत्यूचं पान दिसलं की माणसं दचकतात. त्यात मागे दोन बुरुजांमध्ये सूर्य आहे, तो दाखवा. तरी घरात कुणी खाटेवर असेल तर त्या दिवशी कॅट काढूच नका.

आणि कुणी कर्जाचं सांगता सांगता जिवाचं बोलायला लागलं तर पानं गोळा करा. बसून ऐका, एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा, 14416 लावून द्या. ती टेलि-मानस नावाची सरकारी फुकट सेवा आहे, मराठीत बोलतात.

विवेकी_वऱ्हाड
हे आवडलं. माझा विरोध अर्धा कमी.

घाटाखालचा
कॅट घेताना स्वस्त नकला टाळा. कागद पातळ, चित्रं फिकट आणि बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत, ज्या बघायला आपण शिकतोय. त्यापेक्षा छापून घ्या. स्मिथबाई 1951 साली वारल्या, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर 60 वर्षं, त्यामुळे 1909 ची मूळ चित्रं मोकळी आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर मिळतात. नंतर कुणी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांचं वेगळं, त्या घेऊ नका. वेट यांचं 1911 चं पुस्तकही नेटवर मोफत आहे. इंग्रजी जड आहे, पण प्रत्येक पानाचं वर्णन आधी आणि अर्थ मागून, म्हणून थोडं थोडं वाचता येतं.

कपाशीची_बोंडं
दारव्ह्याला फोटो स्टुडिओत विचारते. पानाचं माप काय सांगू? आणि 78 एकदम परवडणार नाहीत, आधी मोठी 22 छापू का?

ठेचा_भाकर
साधारण 7 बाय 12 सेंटीमीटर सांगजा, जाड कागदावर. अन् मोठी 22 नोका छापू आधी. तेच्यात देवदूत, सैतान, सम्राट, आपल्या कामाचं कमी. सिक्के छापा. चवदाच पानं हायेत, अन् काम करनारे लोकं हायेत तेच्यात.