द्रवणांक १३३: युरिया की सिनॅमिक आम्ल?

प्रश्न (टी.वाय. केमिस्ट्री, पुणे): अनोळखी पांढरी पूड एकदा १२६–१३१ अंश सेल्सियसला वितळली, एकदा १३३ ला. कुठला आकडा धरायचा, आणि ही युरिया की सिनॅमिक आम्ल?

उत्तर १: पाच अंशांची रेंज म्हणजे पूड ओली किंवा अशुद्ध. पुण्यातल्या जुलैत उघडी पूड दमट होतेच, डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) वाळवा. केशनळीत (केसासारख्या बारीक काचनळीत) २–३ मिमीच भरा, आपटून घट्ट बसवा. ११५ पर्यंत भरभर तापवा, पुढे मिनिटाला १–२ अंश. इथेच सगळे घाई करतात.

उत्तर २: १३३ च्या आसपास दोन्ही वितळतात, त्यामुळे नुसता आकडा कुचकामी. शुद्ध युरियात निम्मी पूड घोटून पुन्हा बघा. द्रवणांक हलला नाही तर युरियाच. घसरला तर नाही.

उत्तर ३: आधी चिमूटभर पाण्यात टाका की! युरिया झटकन विरघळतो, सिनॅमिक आम्ल जवळपास नाहीच. ते सोडियम बायकार्बोनेटमध्ये फसफसतं. आणि हो, पूड वितळलेली नळी परत वापरू नका.