विषय: खोलीतलं जळकं ऑइल – शनिवारच्या आत हलवायचं आहे

मंजिरी, सोमवार रात्री

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या खोलीच्या मालकांचा परत फोन आला. मीटरबॉक्सखालचे कॅन शनिवारपर्यंत निघाले नाहीत तर किल्ली परत द्या म्हणाले. रविवारी तालीम आहे हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच शनिवार.

जळक्या, म्हणजे इंजिनात वापरून झालेल्या ऑइलचे पाच-पाच लिटरचे चार कॅन आहेत. तीन पांढरे, एक निळा. शिवाय वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन फिल्टर. पंचायतीच्या कचरागाडीला दाखवले. ओल्याचा दिवस वेगळा, सुक्याचा वेगळा. हे कुठल्या दिवसाचं? ‘जायना’ म्हणून गाडी पुढे. पंचायतीतल्या बाई म्हणाल्या, हा घातक कचरा, आमच्याकडे नाही. मग कुणाकडे, ते त्यांना ठाऊक नाही. भंगारवाला रिकामा कॅन घेतो, भरलेला नाही. नाक्यावरचा गॅरेजवाला म्हणतो आमचंच पडलंय.

कुणाकडे नक्की पत्ता असेल तर द्या. ‘कुणीतरी घेतं बहुतेक’ नको.

मंजिरी

श्रीपाद, सोमवार रात्री

मंडळासाठी जनरेटर विकत घेऊ नका, भाड्याने आणा, हे मी कार्यकारिणीत बोललो होतो. इतिवृत्तात आहे. भाड्याच्या जनरेटरचं ऑइल त्याच्याबरोबरच परत जातं.

हेमंत, मंगळवार सकाळी

इतिवृत्तात हेही आहे की दिवाळी पहाटला भाड्याचा जनरेटर दुसऱ्याच गाण्याला बसला होता. असो.

मंडळाचा जनरेटर लहान आहे. त्यातून एका वेळी लिटरभराच्या आसपास ऑइल निघतं. वीस लिटर कुठून आलं? घरी ऑइल बदलणाऱ्या सभासदांना खोलीची किल्ली कुठे असते ते माहीत आहे, एवढंच म्हणतो.

मंजिरी, तोवर एक करा: कॅन एकमेकांत ओतू नका. जागा वाचेल म्हणून हा मोह होतो. ऑइल मुळात संपत नाही. त्यातली ॲडिटिव्ह (वरून घातलेली रसायनं) संपतात, आणि काजळी, धातूचा कीस, पाणी, थोडं पेट्रोल-डिझेल मिसळतं. री-रिफायनिंगवाले, म्हणजे वापरलेलं ऑइल पुन्हा शुद्ध करणारे, आधी पाणी आणि इंधन उडवतात, मग व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातन करून बेस ऑइल वेगळं काढतात. पण त्यात कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) किंवा थिनर पडलं की कुणी हात लावत नाही. २०१६ च्या घातक कचरा नियमांत पुन्हा शुद्ध करण्याजोग्या वापरलेल्या तेलाला मर्यादा घालून दिल्या आहेत. शिसं दशलक्ष भागांत १०० पर्यंत, शिवाय आर्सेनिक, कॅडमियम वगैरे. एक बिघडलेला कॅन बाकी तिघांना घेऊन बुडेल.

निळ्या कॅनबद्दल मला शंका आहे.

विद्याकाकू, मंगळवार दुपारी

मंजिरी, आमच्या मेसचं तळणीचं तेल न्यायला एक मुलगा टेम्पो घेऊन येतो, लिटरमागे पैसेही देतो. त्याला सांगू का? तेल ते तेल.

रोहन, मंगळवार दुपारी

काकू, कृपा करून नको. ते अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या योजनेतलं आहे. खायचं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल होतं. त्यात इंजिन ऑइल गेलं तर त्याचा अख्खा टँकर वाया, आणि तुमच्या मेसचं तेलही तो उचलायचा बंद होईल.

दिनानाथकाका, मंगळवार संध्याकाळी

एवढी चर्चा कशाला करता? आमच्या वाड्यावर जळकं ऑइल कधी टाकलं गेलं नाही. खिडक्यांच्या चौकटींना, गोठ्याच्या वाशांना, कुंपणाच्या दांड्यांना ब्रशने लावायचं, वाळवी फिरकत नाही. सेंट्रिंगवाले फळ्यांना लावायला मागून नेतात. होड्यांना लावताना मी लहानपणापासून बघत आलो आहे. कुणी बिल्डर ओळखीचा असेल तर वीस लिटर काहीच नाही, एका स्लॅबला संपेल.

मीरा, मंगळवार रात्री

काका, फळ्यांना लावलेलं ऑइल पहिल्या पावसात खाली उतरतं. आपल्याकडे खाली जांभा. सगळा भोकाभोकांचा दगड, पाणी कसं झिरपतं ते तुम्हाला मी काय सांगायचं. आमच्या शेजारी बांधकाम चालू होतं, त्या जूनमध्ये विहिरीवर इंद्रधनुष्यासारखा तवंग आला. पाणी उपसून काढलं तरी वास गेला नाही, पिण्याचं पाणी तेव्हापासून नळाचं. काळ्या ऑइलमध्ये नुसतं तेल नसतं. जळताना तयार झालेली कर्करोगाला कारण होणारी संयुगंही त्यात उतरतात, आणि ते उघड्या हातांनी फळ्यांना लावणारा मजूर दिवसभर त्यातच असतो.

दिनानाथकाका, मंगळवार रात्री

तेव्हा विहिरी शाबूत होत्या, म्हणून आम्ही आज हे लिहीत आहोत. आणि मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ते कुणाच्या चौकटीचे? जहाजं समुद्रात टाक्या धुतात, त्यांना कोण विचारतं?

प्रिया, बुधवार सकाळी

डांबरगोळ्यांवर मीराताईंनी व काकांनी वेगळा धागा काढावा ही विनंती.

कचरागाडीबद्दल: आमच्या वॉर्डातही हेच. २०१६ च्याच घनकचरा नियमांत घरच्या कचऱ्याचे ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग केले होते. तिसऱ्यात रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर, बॅटरीचे सेल, सुया अशी यादी होती, शेवटी ‘इत्यादी’. ऑइल त्या ‘इत्यादी’त आहे की नाही यावर पंचायतीतल्या बाई आणि मी दोघीही बरोबर असू शकतो. पणजीत माझ्या नणंदेकडे महापालिकेने सोळा प्रकारांत वर्गीकरणाची व्यवस्था केलेली आहे, आणि आम्ही नदीच्या अलीकडे दोन बादल्यांत अडकलोय.

श्रीपाद, बुधवार सकाळी

पणजीचं कौतुक पुरे. तिथले सोळा प्रकार सोसायटीचा सफाई कामगार करतो, नणंद नाही.

प्रिया, बुधवार सकाळी

ती स्वतः करते. दुधाच्या पिशव्या कोपरा न तोडता कापते, धुते, वाळत घालते. चतुर्थीला आमच्या मंडळाच्या मखराचं थर्माकोल अजून कुणाच्या माळ्यावर आहे ते मी विचारलेलं नाही. माटोळीचं (गणपतीवर टांगतात त्या फळा-भाज्यांचं) सामान कंपोस्टमध्ये गेलं, थर्माकोल कुठे जाणार?

रोहन, बुधवार दुपारी

थर्माकोल सोडा. मला हे कळत नाही की जुनी बॅटरी दुकानदार आपणहून मागतो, नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसे कमी करतो. ऑइल विकणाऱ्याने हेच का करू नये? १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे ना?

हेमंत, बुधवार दुपारी

आहे. पण ती जबाबदारी आपल्या चार कॅनपर्यंत येत नाही. कंपनीने री-रिफायनरकडून प्रमाणपत्रं घेतली की तिचं वर्षाचं लक्ष्य पुरं. री-रिफायनरला ऑइल मोठ्या वर्कशॉपमधून २१० लिटरच्या ड्रमने मिळतं. तो पाच लिटरसाठी आपल्या सुकूरला कशाला येईल? बॅटरीत शिसं आहे, किलोवर भाव मिळतो, म्हणून तिला मालक आहे.

जाता जाता, रिकामे ब्रँडेड कॅन भंगारात देताना तळाला भोक पाडून द्या. नाहीतर त्यातच काळं ऑइल गाळून ‘नवं’ म्हणून परत विकतात.

अनघा, बुधवार रात्री

उशिरा वाचतेय, शिफ्ट होती.

मी वेर्ण्याला कारखान्यात मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे ड्रम भरले की अधिकृत रिसायकलर घेऊन जातो, मॅनिफेस्ट (कचरा कुणी कुणाला दिला त्याची नोंद) होतं. बाहेरचं ऑइल त्यात ओतता येत नाही. रजिस्टरमध्ये किती ऑइल यंत्रात गेलं आणि किती निघालं ते लिहिलेलं असतं, वीस लिटर जास्त निघाले तर तपासणीत उत्तर मला द्यावं लागेल. पिसुर्ल्याचा घातक कचऱ्याचा प्रकल्पही उद्योगांसाठी आहे, आपण डिकीत कॅन घालून तिथे जाऊन उपयोग नाही.

पण एका मोठ्या सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरशी बोलले (नाव इथे लिहीत नाही, त्याने तशी विनंती केली आहे). ते घेतील. दोन अटी: ऑइल नुसतंच असावं, पाणी-कूलंट नको, आणि ज्याची गाडी सर्व्हिसिंगला येतेय त्यानेच आणावं, म्हणजे गेटवर प्रश्न येत नाही. फिल्टर पण घेतील, पण त्यांच्या घुमटासारख्या टोकाला भोक पाडून रात्रभर उलटे निथळवून आणा.

या आठवड्यात कुणाची गाडी सर्व्हिसिंगला आहे?

मंजिरी, बुधवार रात्री

श्रीपाद, तुमची आहे ना? जेवणाच्या वेळी म्हणत होतात.

श्रीपाद, गुरुवार सकाळी

शुक्रवारी आहे. माझ्या डिकीत नवीन मॅट आहे.

हेमंत, गुरुवार सकाळी

ताडपत्री मी देतो. आज संध्याकाळी खोलीवर येऊन प्रत्येक कॅनमधले दोन थेंब तापलेल्या पत्र्यावर टाकून बघतो. तडतडलं तर पाणी आहे. स्वयंपाकघरातला तवा कुणीही आणू नये, काकू, तुम्हीसुद्धा.

हेमंत, गुरुवार रात्री

पांढरे तिन्ही गप्प. निळा तडतडला, आणि तळाला हिरवट, गोडसर वासाचं काहीतरी आहे, म्हणजे कूलंट. तो श्रीपादबरोबर जाणार नाही. झाकण घट्ट लावून, वर ‘ऑइल + कूलंट’ लिहून माझ्या गॅरेजात नेऊन ठेवला आहे. तो कुणी आणला ते सांगितलं तर गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनातलं ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारी चकती) गेलंय का तेही सांगता येईल, कारण ऑइलमध्ये कूलंट आपोआप येतं ते बहुधा तिथूनच. मंडळासाठी नाही, त्याच्या इंजिनासाठी विचारतोय.

विद्याकाकू, शुक्रवार सकाळी

रविवारी तालमीला कितीजण? पोहे की उपमा ते आजच सांगा.